पाचव्या चाकावरची रेघ

१

बाबांचा जीव घेणारं चाक गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि घरातलं कुणीच त्या बाजूने जात नव्हतं.

गाडी दाराजवळ उभी होती. उंच, काळी, कमरेला लागतील एवढ्या टायरांची. छपराला पोचा आला होता, काचा उरल्या नव्हत्या, आणि पुढचं डावं चाक जिथे असायला हवं तिथे लाकडाचा ठोकळा घातला होता. खाणीच्या उतारावर ते चाक निखळलं, गाडी कलंडली, बाबा गेले. तपास करणाऱ्यांनी दोन ओळींत काम उरकलं: अपघात. पण घराचं समाधान दोन ओळींत थोडंच होतं?

चाक शेवटचं कुणी आवळलं, हा एकच प्रश्न पंधरवडाभर घरात उठत-बसत होता. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. दादाने.

"उद्या सकाळी काकांच्या हातात किल्ल्या देतो आणि निघतो," दादा म्हणाला. तो हत्यारं पुसून पेटीत लावत होता. एकेक पाना असा ठेवत होता, जणू झोपलेलं मूल खाली ठेवतोय.

"कुठे जाणार?" धाकटीने विचारलं. घरात ती धाकटीच होती. तिच्या दवाखान्यात लोक तिला डॉक्टर म्हणत आणि तोंड उघडून बसत.

"जिथे कुणाला नट आवळून घ्यायचे नसतील तिथे."

"आई काही म्हणाली?"

"म्हणाली असती तर राहिलो असतो. शिवी दिली असती तरी राहिलो असतो." त्याने पेटीचं झाकण लावलं. "माझ्या हातचा पाण्याचा पेलासुद्धा घेत नाही ती. उठते, आणि दुसरा भरून घेते. अजून काय म्हणायला हवंय?"

वरच्या खोलीत आईचं शिवणयंत्र चालू होतं. थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं.

धाकटीने कपाटावरची स्टीलची थाळी खाली घेतली. तिच्यात पाच नट होते. दादा खाणीच्या उतारावर गुडघ्यांवर फिरला होता आणि पाचही वेचून घेऊन आला होता. प्रत्येक नटात बोल्टचा तुटका तुकडा अडकलेला होता, आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ होती: बोल्टच्या टोकावरून निघून नटावर उतरलेली. नट तसूभर जरी फिरला असता तरी रेघ तुटून दोन तुकडे दिसले असते. पाचही रेघा अखंड होत्या.

हा बाबांचा नियम. एकाने आवळायचं, दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि मग बोल्ट, नट आणि रिम अशी तिन्हींवरून रेघ ओढायची. ज्याने आवळलं त्याने रेघ ओढायची नाही. बाबा म्हणत, कान फसतो, हात फसतो, रेघ फसत नाही.

नट सैल झाले नव्हते. तरी चाक गेलं होतं. म्हणून काकांनी निष्कर्ष काढला होता, आणि चार लोकांत बोलूनही दाखवला होता: पोराने घाईत हवेच्या बंदुकीने आवळले, बोल्ट ताणले गेले, तुटले.

"बंदूक वापरली होतीस?"

"धाकटे, तू पण?" दादा हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "टॉर्कचा पाना लावला होता, ठरलेला जोर लागला की वाजणारा. प्रत्येक नटाला टक्‌ असं वाजेपर्यंत. आता कुणाकुणाला वाजवून दाखवू?"

ती गाडीभोवती फिरली. उरलेल्या तीन चाकांवर पिवळ्या रेघा होत्या, रुंद, एका फटकाऱ्यात ओढलेल्या. ती मागच्या दाराशी आली. दारावर स्टेपनी लटकत होती. तेवढाच मोठा टायर, तशीच काळी रिम. स्टेपनी मधल्या एका कडीने आवळतात. तिच्या नटांच्या भोकांशी कुणाचं काही काम नसतं.

त्या भोकांच्या कडेला पिवळा रंग होता. पाचही भोकांना.

२

काका म्हणजे बाबांचे भागीदार. सख्खे नव्हेत, पण भांडणं सख्ख्यांसारखी. ते समोरच्या बाकावर चहा घेऊन बसले होते.

"या डॉक्टरीणबाई. आमचे दात मोजायला आलात का? थोडेच उरलेत."

"काका, स्टेपनीवर रेघ ओढता का तुम्ही?"

"स्टेपनीवर? अगं, खुंटीला टांगलेल्या सदऱ्याची कुणी बटणं लावतं का?"

"मग चला, दाखवते."

ते आले. रिमजवळ वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही माझीच रेघ," ते म्हणाले. "हा असा शेपटा राहतो माझा. हात थरथरतो ना हल्ली. त्या दुपारी तुझ्या भावाने आवळलं, मी तपासलं, रेघ ओढली. चारही चाकांना. मग मी आणि तो एकदमच निघालो. तुझे बाबा म्हणाले, कुलूप मी लावतो."

"म्हणजे हे चाक त्या दुपारी गाडीवर होतं."

"पुढे डावीकडे. दुसरं कुठे असणार? बाकीची तीन तर अजून जागेवर आहेत."

"आणि जे चाक निखळलं ते त्या दुपारी स्टेपनी होतं."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. सुटका होती की भीती, हे धाकटीला कळलं नाही.

"म्हणजे पोराने आवळलेलं चाक निखळलंच नाही," ते हळू म्हणाले. "तुम्ही निखळलेलं चाक नीट पाहिलं नाहीत का, असं विचारशील. नाही पाहिलं. नजर जायची नाही तिकडे. पंधरा माणसांसमोर त्याच्या नावाने बोललो मी."

"ते नंतर. आधी त्या चाकाकडे चला."

भिंतीजवळ ती उकिडवी बसली. या रिमवरही पाच पिवळे तुकडे होते, नटावरून रिमवर उतरलेल्या रेघांची टोकं. पण ही टोकं बारीक होती, सरळ, आणि प्रत्येकाच्या शेवटी छोटीशी आडवी खूण होती. जणू कुणी रेघ संपवून वर गाठ मारली होती.

"ही तुमची नाही."

"माझा बापसुद्धा एवढी नीट रेघ ओढणार नाही."

"दादाची? बाबांची?"

"तुझे बाबा सही करायचे ती कोंबडीच्या पायासारखी. आणि दादा माझ्याबरोबर निघाला होता, त्याला मी मित्राकडे सोडला, रात्री उशिरा परतला तो." काकांनी मान हलवली. "शिवाय नियम होता. बाबांनी चाक बदललं असेल तर रेघ त्यांनी स्वतः ओढली नसती. मेले असते तरी."

बोलून गेल्यावर त्यांना आपलाच शब्द बोचला.

म्हणजे त्या संध्याकाळी बाबांसोबत दुसरं माणूस होतं.

धाकटीने मागच्या दारावरच्या टायरवर हात दाबला. हात आत गेला. टायरमध्ये हवाच नव्हती. बाजूला बोटभर चीर होती आणि चिरेभोवती चुन्याचा पांढरा ओरखडा. कुलूपबंद गॅरेजात टायर फाटत नाही. कुणीतरी गाडी बाहेर काढली होती, आणि ती कशाला तरी घासली होती.

ती वर गेली. आई यंत्रावर वाकलेली होती. टेबलावर निळं कापड पसरलेलं, त्यावर खडूने शिवणीच्या रेघा. धाकटीने विचारलं, "त्या संध्याकाळी बाबांकडे कुणी आलं होतं का गं?"

यंत्राची सुई थांबली.

"मला काय ठाऊक," आई म्हणाली. "मी माझ्या कामात होते."

धाकटी वळली, आणि तिची नजर त्या निळ्या कापडावर पडली. खडूच्या प्रत्येक रेघेच्या शेवटी छोटीशी आडवी खूण होती.

३

ती जिन्यात मधेच बसली. खाली दादा हत्यारं आवरत होता, वर यंत्र पुन्हा चालू झालं होतं. दादाला सोडवायचं तर आईला धरावं लागणार होतं. आणि आईने तरी काय केलं होतं? रेघ ओढली होती. रेघेने चाक निखळत नाही.

चाक का निखळलं हे कळल्याशिवाय आईला एक शब्दही विचारायचा नाही, असं तिने ठरवलं.

"बाबांनी हे नट कसे निवडले होते?" तिने खाली येऊन दादाला विचारलं.

"एखाद्या मुलीचं स्थळ बघावं तसे." दादाच्या आवाजात पहिल्यांदा ओल आली. "मोठे टायर आले, जड रिमा आल्या, तर जुने नट चालणार नाहीत म्हणाले. दुकानात अर्धी दुपार बसले. आधी आटे जुळतात का ते पाहिलं. मग नट बोल्टवर पुरेसे वेढे घेतो की टोकालाच लटकतो ते. आणि मग बैठक."

"बैठक म्हणजे?"

"नट रिमच्या भोकात टेकतो ती जागा. काही रिमांची नरसाळ्यासारखी उतरती असते, काहींची वाटीसारखी गोल. आमच्या रिमा नरसाळ्याच्या, म्हणून नटही निमुळत्या बुडाचे घेतले. म्हणायचे, टायर मोठा झाला की चुकीला मोठं व्हावं लागत नाही, लहानशी पुरते."

"पाचही रिमांवर नट लावून पाहिले होते?"

दादाचा हात थांबला. "पाचवी रिम तेव्हा नव्हती. दुकानदार म्हणाला, चारच आहेत, स्टेपनीची मागाहून पाठवतो. आली तेव्हा बाबा बाहेर गेले होते. मीच टायर चढवला आणि मागे टांगली." तो थांबला. "तिचे नट काढायचे-घालायचे नव्हतेच. मी बघितलं नाही."

धाकटीने पिशवीतून छोटी डबी काढली. तिच्यात निळ्या पातळ कागदाच्या पट्ट्या होत्या. नवा दात बसवला की ती हा कागद रुग्णाच्या दातांमध्ये धरते आणि चावायला सांगते. दात जिथे टेकतात तिथे निळा डाग उमटतो. रुग्णाला वाटतं सगळं झकास बसलंय. कागद सांगतो की अख्खा दात एका टिंबावर उभा आहे. असा दात पहिले काही दिवस टिकतो. मग तडकतो.

"आता गाडीचे दात बघणार?" दादा म्हणाला.

"तोंड उघडायला सांग तिला."

बाबांनी आणलेल्यांपैकी एक जादा नट होता, कोरा. तिने मागच्या स्टेपनीच्या भोकात कागद ठेवला, नट त्यावर दाबून थोडा फिरवला आणि काढला. नटाच्या निमुळत्या बुडावर निळा पट्टा होता, बोटाएवढा रुंद, सगळीकडून सारखा.

"निखळलं ते हे, त्या संध्याकाळी बाबांनी चढवलेली स्टेपनी. तू आवळलेलं मागे टांगलंय," असं सांगत ती भिंतीजवळच्या चाकाकडे गेली. दादा मागे आला. ते घरी आणल्यापासून तो त्याच्या इतक्या जवळ आला नव्हता.

कागद, नट, दाब. तिने नट उजेडात धरला.

निळ्या रंगाची एक कडी होती. शिवणीच्या दोऱ्याएवढी. तेवढीच.

"वाटी," दादा पुटपुटला. "ही वाटीची बैठक आहे. मग मला... बाबांना कसं दिसलं नाही?"

तिने दात तपासायची अणकुचीदार सळई भोकात घातली आणि खरवडली. काळ्या रंगाचा जाड पापुद्रा निघून आला. त्याने भोकाची गोलाई लिंपली गेली होती. वरवर पाहणाऱ्याला फक्त काळं भोक दिसलं असतं. पापुद्र्याखाली चंदेरी धातू होता.

बाकीच्या रिमा मुळातच काळ्या होत्या.

"दादा, बाबांच्या पान्यानेही टक्‌ म्हटलंच असणार," ती म्हणाली. "नट खरंच आवळला गेला होता, पण त्या दोऱ्यावर आणि या रंगावर. रस्त्यावर रंग चुरला आणि पकड गेली. नट जागचा हलला नाही, रिम मात्र हलायला लागली. जड टायर, खडकाळ वाट. बोल्ट तारेसारखे इकडून तिकडे वाकले."

दादाने भिंतीला पाठ टेकली. तो हळूहळू खाली बसला.

"कुणी रंगवली ही?" त्याने विचारलं.

४

दुकानदाराला बाजारात सगळे 'अत्तर' म्हणत. माल कसाही असो, माणूस घमघमायचा. काकांनी ते चाक दुकानाच्या पांढऱ्या फरशीवरून गडगडत आत आणलं, तेव्हा मागे काळा पट्टा उमटत गेला. अत्तर पट्ट्याकडे पाहत राहिला.

"बसा ना डॉक्टरसाहेब. तुमचे बाबा म्हणजे काय सांगू, गिऱ्हाईक नव्हे, परीक्षक. नट घ्यायला आले तर माझं डोकं खाल्लं, पण मजा आली."

"पाचही रिमांवर नट लावून पाहिले त्यांनी?"

"अर्थात. पाचही. याच टेबलावर."

"ही पण?"

"सगळ्या एका साच्यातल्या. माझ्याकडे दुजाभाव नाही."

धाकटीने टेबलावर नट ठेवला. "हा नट या रिममध्ये धरून बघा. नुसता हाताने."

त्याने धरला. नट वाटीत डुगडुगला.

"आज रंग खरवडलाय म्हणून डुगडुगतोय," ती म्हणाली. "रंग होता तेव्हाही बाबांनी अर्धी दुपार बसून तो खरवडला असता. त्यांनी ही रिम इथे पाहिली असती तर तुमच्याच टेबलावर आपटली असती. म्हणजे ते आले तेव्हा ती इथे नव्हती. पाचही दाखवल्या, हे तुम्ही आत्ता खोटं बोललात. आणि कारखान्यातून येणाऱ्या रिमेच्या बैठकीत असा जाड रंग नसतो. रंग नंतर मारलाय. का?"

"जुन्या मालाला हात फिरवतो आम्ही. सगळेच फिरवतात."

"हात फिरवलास की भोकं बुजवलीस?" काका म्हणाले. ते टेबलाला टेकून उभे होते, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच अत्तर एक पाऊल मागे सरकला.

"काका, तुम्ही जरा..."

"मी तुझा काका नाही. मी माझ्या मित्राच्या पोराला पंधरा माणसांत खुनी ठरवून आलोय. तुझ्या रंगामुळे. बोल."

अत्तर खुर्चीत बसला. खिशातून रुमाल काढला आणि हातातच ठेवला.

"चारच आल्या होत्या वरून. पाचवी मिळेना. एका मोडलेल्या संचातल्या पडून होत्या माझ्याकडे, चंदेरी. मापाला जुळत होत्या, आटे जुळत होते. काळ्या केल्या. स्टेपनीच ती. वर्षानुवर्षं मागे लटकते, कुणी बघत नाही. मी कुणाला मारायला निघालो होतो का?"

"होत्या, म्हणालात," धाकटी म्हणाली.

"काय?"

"पडून होत्या. काळ्या केल्या. किती?"

रुमाल गोळा झाला.

"चार," तो म्हणाला. "तुमची धरून. बाकीच्या तीन गेल्या. अशाच मोठ्या टायरांच्या गाड्यांना. स्टेपनी म्हणून."

काकांनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले. "फोन घे. एकेकाला लाव. मी ऐकत बसतो."

५

धाकटीने दादाला वर बोलावलं. तो दारातच थांबला. आईने यंत्रावरचं कापड घडी करायला घेतलं, तो आला की नेहमी घ्यायची तसं.

"आई, कापड राहू दे," धाकटी म्हणाली. "मी काय सांगते ते ऐक. मग बोलायचं असेल तर बोल."

तिने निळा कागद, दोऱ्याएवढी कडी, काळा रंग, अत्तर, सगळं सांगितलं. संध्याकाळचं नाव काढलं नाही. आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"म्हणजे चूक रिमेची," आई म्हणाली.

"रिमेची, आणि ज्याने ती खपवली त्या दुकानदाराची."

"चाक नीट आवळलं होतं?"

"नीट. आणि रेघाही नीट होत्या. बारीक, सरळ. शेवटी आडवी खूण."

आई खिडकीकडे वळली. खाली बाजार चालू होता, कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, कुणीतरी ओरडून त्याला डावीकडे घे म्हणत होतं. बोलायला लागली तेव्हा ती खिडकीशीच बोलली.

"गाडी शिकवत होते मला. कधीपासून मागे लागले होते. म्हणाले, लांब जायचं तर दोघांना यायला हवी. तुम्ही लोक गेलात की मैदानात न्यायचे. मुलांना सांगू नकोस म्हणाले, चिडवतील. त्या दिवशी वळवताना मी फाटकाच्या खांबाला घासली. टायर फुस्स. मला वाटलं रागावतील. तर पोट धरून हसले. मीही हसले. मग तिथेच चाक बदललं."

"आणि रेघ?"

"पाना लावून तपासायला लावलं मला. टक्‌ वाजलं. मग रंगाची कांडी हातात दिली. म्हणाले, नियम म्हणजे नियम, मी आवळलं, तू ओढ." तिने घडी टेबलावर ठेवली. "मला वाटलं, मी हसत होते म्हणून त्यांचं लक्ष उडालं. एखादा राहिला असेल. माझ्यामुळे."

दादा दारातून एक पाऊल आत आला. "आई, मग मला का नाही..."

आई त्याच्याकडे वळली नाही. ती धाकटीलाच म्हणाली, "त्याच्याकडे बघितलं की तोंडातून निघून जाईल असं वाटायचं. सगळे त्याला बोलत होते आणि मी गप्प बसून त्याला माझ्या जागी उभा केला होता. त्याच्या हातचं पाणी कोणत्या तोंडाने घेऊ? सांगितलं असतं तर तुम्ही दोघंही गेला असता मला सोडून. नाही सांगितलं, तर तो निघालाच."

 दादाने भिंतीवर हात टेकला होता आणि तो हाताकडेच पाहत होता.

"सकाळी खाणीच्या तोंडाशी ते थांबले असतील ना गं?" आईने विचारलं. "उतारावर घालण्याआधी खाली उतरून बघायचे नेहमी. माझ्या रेघा बघितल्या असतील."

धाकटीने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला.

"बघितल्या असतील. एकही सरकली नव्हती. तुझी रेघ खरी होती, आई. नट फिरला नाही एवढंच ती सांगत होती. रिम बसली आहे की नाही, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. बाबांनीही नाही."

आईने मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

धाकटीचा फोन वाजला. काका होते.

"दोघं सापडले. एकाची गाडी घरीच आहे, दुसऱ्याने स्टेपनीला अजून हातही लावलेला नाही. तिसरा जमिनी मोजणारा. फोन उचलत नाही. बायको म्हणते, काल टायर फुटला, स्टेपनी लावली आणि आज सकाळीच टेकडीवर कामाला गेला."

"कुठल्या टेकडीवर?"

"खाणीच्या पलीकडच्या. उतरताना फोन लागत नाही तिथे."

दादाने खिशातून गॅरेजच्या किल्ल्या काढल्या. उद्यासाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या. त्याने त्या पुन्हा खिशात टाकल्या आणि छोट्या गाडीची किल्ली खिळ्यावरून ओढली. तो जिना उतरत होता तेव्हा त्याच्या मागून दोन जणींची पावलं वाजत होती.

६

आई पुढे बसली, दादाच्या शेजारी. पूर्ण रस्ताभर दोघांत एक शब्द नव्हता. मागच्या सीटवर धाकटी फोन लावत राहिली आणि प्रत्येक वेळी तोच आवाज ऐकत राहिली. खाणीचं वळण आलं तेव्हा दादाने वेग कमी केला नाही. आईने डोळे मिटले नाहीत.

टेकडीच्या कच्च्या वाटेवर, वरच्या अंगाला, उंच गाडी खाली यायला निघालेली दिसली. दादाने आपली गाडी आडवी घातली आणि हॉर्नवरून हात काढलाच नाही.

मोजणीदार तणतणत खाली उतरला. "रस्ता काय बापाचा आहे का?"

"चाक बघू द्या," दादा म्हणाला. "काल लावलेलं. कुठलं ते?"

"मागचं उजवं? घट्ट आहे ते. सकाळीच बघितलंय. स्वतः आवळलंय मी."

दादा चाकाशी उकिडवा बसला. त्याने जॅक लावला, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचललं, आणि टायरला वरून आणि खालून धरून झटका दिला.

खट्‌ असा बारीक आवाज आला. नखाने काच वाजवावी एवढाच.

मोजणीदाराचा चेहरा उतरला. तो आपल्या गाडीकडे पाहत होता, मग खालच्या उताराकडे, मग पुन्हा गाडीकडे. "घरी मुलगी आहे माझी," तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही.

दादाने पाना लावला. पहिला नट काढला. बुडावर दोऱ्याएवढी चमकती कडी होती, आणि कडीभोवती काळ्या रंगाचा चुरा. तो नट हातात धरून दादा गुडघ्यावर तसाच बसून राहिला. खांदे हलत होते. आवाज नव्हता.

धाकटी पुढे व्हायला निघाली, पण आई आधीच पोचली होती. साडी मातीत लागेल याची पर्वा न करता ती त्याच्या शेजारी खाली बसली आणि ओंजळ पुढे केली.

"आण इकडे," ती दादाला म्हणाली. "मी धरते. तू पुढचा काढ."